पिंडीतला भुंगेरा

मित्रांनो, मी एक लहानसा भुंगेरा आहे आणि माझे शॅनन नदीत विधिवत विसर्जन झाले आहे. पण ते जाऊ द्या. तसे काही झालेच नाही, असे समजून मी सुरुवात करतो.

माझा जन्म पेरू देशातल्या एका नदीच्या गरम वाळूत झाला. आमच्या जातीला टायगर बीटल म्हणतात. लहानपणी मी बिळात तोंड वर करून बसे आणि जाणारी मुंगी ओढून घेई. बालपण फार सात्त्विक होते. मग आयर्लंडमधल्या लिमरिकहून अश्लेषाताई तिथे फिरायला आल्या. चिवडा संपलेल्या डब्यात त्यांनी वाळू भरली, ती माझ्यासकट.

"अगं, वाळू कशाला?" त्यांचे यजमान सारंगराव म्हणाले.

"हरतालिकेला. तिकडे दुकानात मिळते ती पोरांच्या खेळातली. नदीची ती नदीची!"

डब्याला शिळ्या तेलाचा वास होता. शी! त्या वासात मला पंख फुटले.

भाद्रपदात अश्लेषाताई आणि त्यांची मैत्रीण वृंदा यांनी त्या वाळूची पिंड केली. मी आतच होतो. दोघींचा निर्जळी उपास होता. माझाही होता, पण मला कोणी विचारले नव्हते. बेल मिळेना म्हणून लॉनमधले तीन पानांचे गवत वाहिले. मग पंचामृत आले. दूध, दही, तूप, मध, साखर. मित्रांनो, मी मांसाहारी आहे.

मी बाहेर धावलो. आम्ही इतके जोरात पळतो की पळताना काही दिसत नाही. मी थेट पंचामृताच्या वाटीत पडलो.

"झुरळ!" सारंगराव चप्पल घेऊन आले. मला, झुरळ!

"थांबा भावजी!" वृंदाताई ओरडल्या. "पिंडीतून निघालाय तो. त्याला चपलेनं मारता? उद्या पिंडीबरोबर विसर्जन करू."

म्हणजे माझा जीव वाचला, सकाळपर्यंत.

सकाळी पाऊस होता. नदीकाठी अश्लेषाताईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "पुनरागमनाय च."

"याला नको म्हणूस तेवढं," सारंगराव म्हणाले.

मधाने चिकटलेल्या पंखांनी मी कसाबसा काठ गाठला. काठाला वाळू नाही, चिखल आहे. गार चिखल! इथल्या मुंग्या गारठलेल्या असतात, पळतसुद्धा नाहीत. त्या खाताना शिळे खाल्ल्यासारखे वाटते. आणि मीही आता त्यांच्याइतकाच हळू चालू लागलो आहे.

तेव्हा मित्रांनो, नदीची वाळू नदीपाशीच राहू द्या. आणि संबंधितांस विनंती की, शॅनन नदीचा कोणताही एक काठ वाळू टाकून सत्वर गरम करून मिळावा, व तोपर्यंत आयर्लंडमधील पाऊस स्थगित ठेवण्यात यावा.