केलीव्हिलचा कॉकाटू आणि उर्वीच्या जन्मसालची वाइन

"सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," काशीनाथरावांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि खुर्ची पुढे ओढली. "कॉकाटू होता. हा एवढा, पिवळ्या तुऱ्याचा. चोचीनं बूच उपसलं पठ्ठ्यानं."

समोर जावई हृषिकेश रिकामी बाटली घेऊन बसला होता. तो चिडला असता तर काशीनाथरावांना बरं वाटलं असतं. तो नुसता लेबलावरून अंगठा फिरवत होता.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी लेक चिन्मयी म्हणाली होती, "बाबा, घरातल्या दारूच्या बाटल्या पाच दिवस गॅरेजमध्ये हलवा ना." दर वर्षीचा रिवाज. ही एक बाटली हृषिकेशनं टॉवेलात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. लांगदॉकची रेड वाइन. "या भागाला पूर्वी खुद्द फ्रान्समध्ये कुणी विचारत नव्हतं, बाबा. आता तिथल्या या एका शेतकऱ्याच्या वाइनसाठी जगभरचे लोक नंबर लावतात. माझा चार वर्षांनी लागला. उर्वीच्या जन्मसालची आहे. ती अठराची झाली की उघडायची." दहा वर्षांची उर्वी शेजारीच उभी होती. "अँड आजोबा गेट्स द फर्स्ट सिप," ती म्हणाली होती.

तिसऱ्या दिवशी केलीव्हिलच्या त्या घरात काशीनाथरावांखेरीज कुणी नव्हतं. लेक-जावई पॅरामॅटाला ऑफिसात, उर्वी शाळेत. काशीनाथरावांनी सहज बाटली उजेडात धरली, तर तळाशी गाळ. नासली की काय, म्हणून उघडून चाखली. तुरट लागली, म्हणून दोन चमचे साखर घातली, वर लेमोनेड ओतलं. दुसरा पेला मात्र नुसताच घेतला, आणि मग हात आवरला नाही. रिकामी बाटली पुन्हा टॉवेलात गेली. संध्याकाळी बडीशेप चघळून त्याच तोंडानं त्यांनी आरती म्हटली. घंटा वाजवता वाजवता उर्वी त्यांच्याकडे बघून हसली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. बाकीच्यांना ती भक्ती वाटली.

आज विसर्जन झालं आणि बाटल्या घरात आल्या.

"मग पुढे?" चिन्मयीनं विचारलं. आवाज कोरडा होता.

"पुढे काय, त्याचे चार भाऊबंद आले. एक जण तर पिऊन कपड्यांच्या दोरीवर उलटा लटकला. दुसरा शेजाऱ्याच्या कुत्र्याला मिठी मारून रडत होता. मी झाडू घेऊन धावलो, पण तोवर कारभार आटोपला होता."

हृषिकेशच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. काशीनाथरावांना तेवढं पुरलं. लाज मागे पडली आणि गोष्ट उतारावर सुटली.

"आणि वाइन काय साधी? आधी तोंड कोरडं करते. मग जांभळाचा वास येतो, मागून मिरीचा चटका. गिळल्यावरही जिभेवर किती वेळ रेंगाळते. त्या पाखरांना तिची काय कदर?"

उर्वी एरवी आजोबांच्या गोष्टीला सगळ्यांत आधी हसायची. आज ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आजोबा, टेस्ट तुला कॉकाटूनं सांगितली?" ती हळूच म्हणाली. "दॅट्स नॉट ट्रू. तू प्यायलास."