बाण दाखवणारं पान

एकोडीच्या चावडीपुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. साल शहात्तर. धानाची रोवणी आटोपलेली, हाताला काम नाही, आणि मधोमध घोंगडीवर एक जटाधारी बाबा. मी शिकवत असलेल्या चौथीच्या वर्गात त्या दिवशी पाच पोरं होती, बाकीची सगळी त्याच्यापुढे. माझा नुसता जळफळाट झाला.

"हिमालय की सूखी चट्टान की बूटी!" हिरवी पानं नाचवत बाबा गरजला. "जिसकी करनी, उसके नाम पे तीर!"

करणी झाली होती म्हणे सुखरामवर. त्याची बायको रुखमा सगळ्यांत पुढे बसली होती. सुखरामने विधवा वहिनीची, धुरपताची, बांधी, म्हणजे धानाचं खाचर, आधी रोवली आणि मग तो स्वतःच्या बांधीत उतरला, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं.

"त्या बाईनं माह्या माणसाले बांधलं," ती म्हणाली. "घरी मुका रायते, तिकडं हासते!"

बाबा गावातल्या एकेका बाईचं नाव घेऊन पान तोडू लागला. जनाबाई, पान सरळ तुटलं. सीताबाई, सरळ. धुरपता म्हणताच तुटलेल्या तुकड्याला चक्क बाणासारखं टोक आलं!

"पोळे के पहले इसको गाँव से निकालो!"

"मी कोठं जाऊ, बाप्पा?" खांबाला धरून उभी असलेली धुरपता म्हणाली. सुखराम मान खाली घालून बसला.

मी जवळ जाऊन पान पाहिलं. अहो, ही तर उन्हाळी नावाची रानवनस्पती! शाळेमागच्या मुरमाड टेकडीवर गुडघ्याएवढी वाढते, बारीक चपट्या शेंगा धरते, आणि मुळं खोल असल्याने वर्षानुवर्षं टिकते. बाबाचा हिमालय शाळेच्या मागेच होता तर! मी ओटीभर पानं तोडून आणली.

"बाबा, आता तुमचं नाव." पान दोन्ही टोकांना धरून ओढलं. बाण!

"महादेवाचं." पुन्हा बाण.

"मास्तरीणबाई, पाप लागन!" गोमाजी पाटील ओरडले.

"मग तुमचं घेऊ?"

पाटील मागे सरकले. कोणीतरी फिसकन हसलं.

"या पानाच्या शिरा तिरप्या असतात," मी सांगितलं. "ओढलं की पान शिरांच्या बाजूने फाटतं, दर वेळी बाण होतो. ज्याला सोडायचं त्याचं पान बाबा नखाने आडवं खुडतो. अंगठ्याचं वाढवलेलं नख बघा त्याचं!"

बायाबापड्यांनी पानांवर झडप घातली. जिकडेतिकडे बाणच बाण. बाबा घोंगडी गुंडाळू लागला.

रुखमाने स्वतःचं नाव घेऊन एक पान ओढलं. बाण आला. तिचे डोळे भरले. "मंग हा माह्याशी बोलत काहून नाही?"

"दादा गेला, वहिनीची बांधी कोन रोवन?" सुखराम पहिल्यांदाच बोलला. "तुले सांगाले गेलो का तू भांडतेस. म्हनून मुका रायतो."

"मले जळन होते जी तिची," रुखमा सगळ्यांसमोर म्हणाली. "लय जळन होते."

तिचा हेवा खरा होता, करणी खोटी होती. बाबाने त्या हेव्यावर आपली पोळी भाजून घेतली, एवढंच.

वाचकहो, पानाला कुणाचं नाव वाचता येत नाही. आपल्याला तोंड आहे, नवऱ्याला विचारता येतं. एखाद्या बाईला गावाबाहेर काढण्याआधी निदान एक पान आपल्या हाताने तोडून पाहा.