तिरुवारूरहून आलेला तुकडा

त्र्याण्णव सालचं वादळ ओसरून तिसरा दिवस झाला, तरी कुंभकोणम्‌चे टेलिफोन मुकेच होते. माझा धाकटा भाऊ नरसिंह, पेशानं भागवतर, किनाऱ्यावरच्या एका गावी हरिकथा सांगायला गेला होता. आठ दिवसांची कथा. पाचव्या दिवशी, गजेंद्रमोक्षाला, वादळ आलं.

गच्चीवर माझा हौशी वायरलेस, त्याला जोडलेला मोडेम आणि कॉम्प्युटर. वीज मंडपवाल्याच्या जनरेटरची. किनाऱ्यावरच्या मदतछावणीचा निरोप तंजावरच्या सरकारी कचेरीत एका झेपेत जात नाही. यंत्र त्याचे तुकडे पाडतं. तुकडा आधी माझ्यासारख्याच हौशी वायरलेसवाल्या, तिरुवारूरच्या कल्याणरामांकडे, मग माझ्याकडे, मग तंजावरच्या जानकीरामांकडे. घेणाऱ्याचं यंत्र आपणहून ‘मिळालं’ म्हणतं. ते ऐकू आलं नाही, तर धाडणारा तोच तुकडा पुन्हा धाडतो. तिरुवारूर बंद पडलं तर निरोप मायावरम्‌कडून वळसा घेई. तंजावरला मात्र माझ्यावाचून वाट नव्हती. गच्चीवरचा अँटेनाचा खांब वादळात मोडलेला, म्हणून अँटेना बांबूला बांधून हातानं धरायची. घेताना पूर्वेला, देताना पश्चिमेला.

नरसिंहाची बायको वसंता कॉफी घेऊन वर आली.

“भावजी, तुमची पेटी काय म्हणते?”

“चालू आहे.”

“तीन दिवस किटकिटते! एवढ्यात चिमणीनं घरटं बांधून पिल्लं उडवली असती.” स्वतःच हसली. “ह्यांच्या कथेत गजेंद्राची हाक एका दमात वैकुंठाला जाते. तुमची तिरुवारूरला कॉफी प्यायला बसते.”

मी टंबलर घेतला.

“ह्यांचं काही आलं तर आधी मला सांगा हो. आईंना नको.”

ती खाली गेली. थोड्या वेळानं यादी येऊ लागली. ओळख पटलेले मृत, एकूण एक्केचाळीस. तेविसावं नाव : नरसिंहराव, भागवतर, कुंभकोणम्.

तोच तुकडा पुन्हा आला. माझं ‘मिळालं’ कल्याणरामांपर्यंत पोचलं नव्हतं. दुसऱ्यांदा मी ते नाव परक्याचं वाचावं तसं वाचलं. यंत्रानं पुन्हा ‘मिळालं’ म्हटलं.

सुतकाची बातमी कळली की नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, तोवर कशाला शिवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. अठरा नावं यायची होती. मी बांबू सोडला नाही. हे चालतं का, असं घरात ज्याला विचारायचं तो नरसिंहच.

एक्केचाळीस झाली. बांबू पश्चिमेला फिरवला. यादी तंजावरला गेली. जानकीरामांची ओळ उमटली : “वासुदेवराव, तेवीस नंबर पाहिलात?”

मी टाइप केलं : “पाहिला. सगळे मिळाले का?”

“मिळाले.”

जनरेटर बंद केला. जिना उतरताना वसंताला काय सांगायचं ते जुळवत होतो. आई देवघरात होती. मागच्या दारी गेलो, विहिरीतून पोहरा ओढला आणि सदऱ्यासकट डोक्यावर ओतला. मग दुसरा.

वसंता तिथंच ओसरीवर तांदूळ निवडत होती. सूप तिनं बाजूला ठेवलं. उठून विहिरीपाशी आली.

“भावजी,” ती म्हणाली, “घड्याळ भिजतंय.”

मी ते काढलं. तिनं ते घेऊन धुण्याच्या दगडावर कोरड्या जागी ठेवलं, आणि माझ्या हातून दोर घेतला.