तीन महिन्यांची शून्यं

"लोटनभाऊ, चांगल्या पाण्याची खूण ठरेल असा एकही जीव यादीत राहिला नाही," संगणकावरची नजर न काढता प्राणिशास्त्राच्या नूतन मॅडम म्हणाल्या.

लोटन बाटल्या धूत होता. शिरपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली होती. मागची दोन वर्षं दर महिन्याला नदीत उतरायचं काम त्याच्याकडे होतं. दगड उलटायचे, खालचे किडे मोजायचे, तक्त्यात लिहायचे. कोणता जीव दिसला म्हणजे नदी धड आहे असं समजायचं, ते त्या तक्त्यांवरून मॅडम ठरवणार होत्या.

"तीन शेपट्यांची अळीसुद्धा गेली?"

"ती घाण पाण्यात कधीच सापडत नाही, हे खरं. पण चांगल्या पाण्यात दर वेळी सापडायला हवी ना. डोंगराकडच्या जागेवर डिसेंबर ते फेब्रुवारी सगळीच शून्यं आहेत. तिथल्या पाड्यावरच्यांनी मासे धरायला पाण्यात विषारी औषध घातलं असणार. अहवालात तसं लिहितेय."

लोटनने नळ बंद केला. त्या पाड्यावर त्याला दर खेपेला कोणीतरी भाकर खाऊ घातली होती. निवृत्तीला सात महिने उरले होते.

"औषध नव्हतं, मॅडम. मी गेलोच नव्हतो."

"म्हणजे?"

"बायको धुळ्याला दवाखान्यात होती. इथं हजेरी लावून बस धरायचो. वरच्या जागेला अख्खा दिवस जातो. रजा संपलेली. शून्य लिहून दिलं."

मॅडमनी संगणकावरची नजर काढली.

"शून्य म्हणजे गेलो आणि सापडलं नाही, लोटनभाऊ."

"माहीत आहे."

"प्राचार्यांना सांगावं लागेल."

"सांगा."

त्यांनी औषधाचं वाक्य पुसलं आणि मूळ तक्ता पुढे सरकवला. लोटनने तीन ओळींवर रेघ मारली, प्रत्येकीपुढे 'गेलो नाही' लिहिलं आणि सही केली.

"आणि हा मार्च? एकेचाळीस अळ्या. हेही न जाताच लिहिलं?"

"तो खरा शे," लोटन म्हणाला. कॉलेजातली भाषा सुटून घरची अहिराणी त्याच्या तोंडी आली होती. "फेब्रुवारीमा ती गयी. तेरावं व्हयनं, दुसरा दिन मी नदीवर गयथू. घरमा करमे ना."

मॅडमनी मार्चची ओळ तशीच राहू दिली.