विन्सांच्या पायाखाली

ओदीलने दार लावून घेतलं, स्वयंपाकाच्या टेबलावर पोतं अंथरलं आणि द्राक्षबागांचे रक्षक संत विन्सां यांच्या मूर्तीला त्यावर आडवं केलं. असं करायचं नसतं. मूर्तीचा तळ पाहणाऱ्याच्या बागेवर गारा पडतात, असं गावात लहानपणापासून सांगतात.

अक्रोडाची ही सहाशे वर्षांची मूर्ती दर जानेवारीत एका द्राक्षबागायतदाराकडून दुसऱ्याकडे वर्षभरासाठी राहायला जाते. गेलं वर्ष ती आनातोलकडे होती. उन्हाळ्यात त्याच्या अंगणात जुन्या वस्तूंचा एक व्यापारी दिसला होता, आणि तोडणीच्या आधी द्राक्षं पिळायचं नवं यंत्र आलं होतं. यंदा पाळी ओदीलची होती. आज सकाळी मिरवणुकीत, नदीकडच्या वेशीतून येताना, ओदीलला मूर्ती हलकी लागली.

"किती घट्ट धरलीस गं," आनातोल म्हणाला होता. "पळून नाही जात ते."

"तुमच्या घरून आलेत. भरवसा काय?"

सगळे हसले. आनातोल जरा उशिरा हसला.

मूर्ती खोटी असली आणि आज ओदील गप्प राहिली, तर पुढच्या जानेवारीत चोर तीच ठरणार होती. नवरा गेलेला, बाग विकायला काढलेली. लोकांना पटायला वेळ लागला नसता.

तिने वेलींची कलमं करायचा चाकू उघडला. जुनं अक्रोड आतपर्यंत तपकिरी असतं, रंग दिलेलं नवं लाकूड पहिल्याच छेदाला पांढरं निघतं. मूर्तीचा तळ तिने उजेडाकडे वळवला.

तळावर छेदच छेद होते. काही मेणाने बुजवलेले, काही इतके झिजलेले की फक्त बोटाला लागावेत. एक कोयरीसारखा वळलेला होता. तसं वाकडं पातं गावात एकट्या रेमोंकडे, तिच्या नवऱ्याकडे होतं. शेजाऱ्यांवर संशय घेते म्हणून जन्मभर तिला बोलत आलेला रेमों.

दारावर थाप पडली. आनातोल मूर्तीची मखमली शाल घेऊन उभा होता.

"ही राहिली होती." त्याची नजर टेबलावर गेली. "जागा सापडली का?"

"कसली जागा?"

"डाव्या टाचेपाशी आहे थोडी. माझा छेद उजवीकडचा. मेण अजून मऊ असेल."

शाल खुर्चीवर ठेवून तो गेला. ओदीलने दार पुन्हा लावलं. मग तिने डाव्या टाचेपाशी चाकू टेकवला आणि दाबला.

लाकूड तपकिरी निघालं. तो छेद मात्र तिने बुजवला नाही. पुढच्या जानेवारीत मूर्ती नेणाऱ्याला तो दिसायला हवा होता.