खालचा खण

माझा दादा कर सल्लागार आहे. साऱ्या बाजाराचे रिटर्न तो मुदतीच्या आठ दिवस आधी भरतो, आणि घरच्यांचे फुकट भरतो. या फुकटाने माझं वाटोळं केलं.

माझं शिवणकामाचं दुकान. भाड्याच्या जागेत चौदा वर्षं काढली. यंदा मालकाने जागा विकायला काढली, तेव्हा म्हणाला, "बाई, पहिला हक्क तुमचा. महिनाअखेरपर्यंत थांबतो." बँकेतले साहेब कर्ज द्यायला तयार होते, फक्त तीन वर्षांचे रिटर्न आणा म्हणाले. मला कसली काळजी! दरवर्षी वेळेवर मी दादाकडे कागद दिले होते, आणि विचारलं की तो म्हणायचा, "झालं समज." मी तर मनातल्या मनात नवी पाटीही रंगवून घेतली.

दादाच्या ऑफिसात गेले तेव्हा तो फोनवर होता. भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या फायली, प्रत्येकीवर नाव. त्याने मानेनेच टेबलाचा खालचा खण दाखवला. त्यात घरचे सगळे एकावर एक पडलेले: मामा, वहिनी, मी. कागदांचं पुडकं मी कापडाच्या उरलेल्या पट्टीने बांधते आणि गाठ अशी मारते, की कात्रीशिवाय सुटत नाही. तिन्ही वर्षांची पुडकी तिथे होती. तिन्ही गाठी जशाच्या तशा होत्या.

"दादा, तू उघडलंसुद्धा नाहीस?"

त्याने जीभ चावली. "अगं, गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली असतात. घरच्यांचं काय, कधीही करता येतं."

"मग झालं समज कशाला म्हणायचास?"

"करणारच होतो ना! तू काय परकी आहेस?"

त्याच दिवशी त्याने तिन्ही वर्षांचे रिटर्न भरले. दंड मी दिला. गाठी कापायला कात्रीही माझ्याच पिशवीतली.

बँकेतल्या साहेबांनी तिन्ही पावत्या शेजारी शेजारी मांडल्या. "तिन्हींवर तारीख एकच आहे, बाई. कर्जासाठी घाईघाईने भरलेले रिटर्न आम्ही धरत नाही. पुढची दोन वर्षं वेळेवर भरा, मग या." मी परोपरीने सांगितलं, कमाई खरी आहे, शिवलेल्या एकेका कपड्याची वहीत नोंद आहे. ते म्हणाले, "असेल ना." तो 'असेल ना' आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

जागा रंगाच्या व्यापाऱ्याने घेतली. माणूस वाईट नाही. सामान हलवायला त्याने मला आठ दिवस दिले, वर म्हणाला, "कर्ज चार दिवसांत मिळालं बघा. तुमच्या दादांची कृपा. कागद कसे चोख ठेवतात!" मी मशीनवर कापड गुंडाळत होते. हो म्हटलं.

आता मी घरातल्या पुढच्या खोलीत शिवते. तिथे एकच मशीन मावतं, दुसरं विकलं.

यंदाचे कागद घेऊन मी परत दादाकडे गेले. यावेळी सोबत पाकीट नेलं, आणि त्यात बाकीचे देतात तेवढीच फी. पुडकं आणि पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. "पावती फाड. आणि मला वरच्या फळीवर ठेव."

त्याचा चेहरा पडला. पाकीट त्याने माझ्या हातात कोंबलं. "बहिणीकडून पैसे घेऊ? इतकं तोडून का बोलतेस गं? यंदा सगळ्यात आधी तुझं करतो, शपथ." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्याची माया कधीच खोटी नव्हती, हेच तर माझं दुखणं.

तेवढ्यात फोन वाजला. एका हाताने त्याने तो उचलला, आणि दुसऱ्या हाताने माझं पुडकं खालच्या खणात टाकलं.

मी वाकून ते काढून घेतलं आणि दाराकडे निघाले. त्याचं लक्षही नव्हतं. तो फोनवर सांगत होता, "तुमचं ना? आजच करतो."