चकतीमागचा वॉशर

माझ्या दोन्ही भावांना मी त्या दिवशी दोन-दोन ठेवून दिल्या असत्या, पण आई गाडीत बसली होती.

गाडी बाबांची, सतरा वर्षांची. आईला आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात न्यायचं काम माझ्याकडे. तिचं हृदय थकलेलं. उकाड्यापासून जपा, असं डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. आणि गाडीचा एसी लहरी. निघताना गारेगार, वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये रखडलं की नुसता गरम वारा. चार दिवस बरा चालायचा, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मागच्या गुरुवारी तर आईला सिग्नललाच भोवळ आली.

दुसऱ्या गॅरेजात नेऊ म्हटलं की आई डोळे वटारायची. हॉस्पिटलात ज्याला त्याला ती ऐकवायची, माझी दोन्ही मुलं गाड्यांचे डॉक्टर.

डॉक्टर खरेच, पण तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बाबांच्या मागे गॅरेजच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून बिनसलं ते बिनसलंच. गॅरेज एक, वेळा वेगळ्या: दादा सकाळी, धाकटा दुपारनंतर. पान्यांच्या पेट्याही वेगळ्या आणि दोन्हींना कुलपं. कुठल्या गाडीचं काय केलं ते फळ्यावर खडूनं लिहायची बाबांची शिस्त होती. ती दोघांनी मोडीत काढली, कारण लिहिलं तर दुसरा वाचेल. मी आपली सवड होईल तेव्हा जायची आणि जो समोर असेल त्याच्या हाती चावी द्यायची.

सोमवारी हॉस्पिटलच्या वाटेवर एसी पुन्हा गेला. मी गाडी तशीच गॅरेजात घातली. पाळी बदलायची वेळ, त्यामुळे दोघंही हजर.

दादानं बॉनेट उघडून कॉम्प्रेसर पाहिला आणि मलाच फैलावर घेतलं. इंजिन तापलं की तिथलं चुंबक कमजोर पडतं, चकती ओढून घेत नाही आणि एसी बंद पडतो. म्हणून त्यानं चकतीमागचा बारीक वॉशर शनिवारी काढून मधली फट कमी केली होती. आता फट पुन्हा वाढली कशी?

धाकटा तीन फुटांवर उभा होता. त्यानंही मलाच सांगितलं. रविवारी हेडलाइट बदलताना त्याला फट फारच कमी दिसली. कुणी गाढव वॉशर घालायला विसरला असणार, चकती घासून कॉम्प्रेसर जळेल, म्हणून त्यानं नवा घातला. असा तो आधीही दोनदा घातला होता.

म्हणजे दोन महिने एकानं काढायचा आणि दुसऱ्यानं घालायचा. आणि भोवळ आईला. माझं डोकंच फिरलं.

"दादा, काढ तो आधी," मी म्हणाले.

त्यानं फडक्याला हात पुसले. "ज्यानं घातला त्यानं काढावा."

"मी घातलाय तो बरोबर घातलाय," धाकटा म्हणाला. "माझ्या कामाला कुणी हात लावायचा नाही."

मी दोघांना तोंडाला येईल ते बोलले. आई आत घामानं भिजली होती, हे दोघांनाही दिसत होतं. एकही जागचा हलला नाही. काच खाली होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"चल इथून," ती मला म्हणाली.

पुढच्या चौकातल्या गॅरेजात मी गाडी थांबवली. तिथल्या मिस्त्रीनं आईला पंख्याखाली खुर्ची दिली, एक बोल्ट खोलला, वॉशर काढला आणि चकती कुठे घासत नाही ना, ते हातानं फिरवून पाहिलं. मग अर्धा तास गाडी उन्हात चालू ठेवली. गारवा टिकला.

आई गाडीत बसल्यावर त्यानं सहज विचारलं, "आधी कुणाकडे दाखवत होतात, मावशी?"

"होते दोघं ओळखीचे," आई म्हणाली आणि तिनं काच वर केली.